ठ चं पोट

ज्यांच्याकडे मराठी भाषा गौरव दिनाचा आपल्या मंडळाचा काळा टी-शर्ट अजून आहे, त्यांनी तो एकदा उजेडात धरून बघावा. ‘मराठी’तल्या ठ च्या गोलाला डावीकडे आणि उजवीकडे एकेक बारीक फट दिसेल. म लासुद्धा एक आहे. ती रंगवण्यातली चूक नाही. चुका दुसरीकडे झाल्या होत्या, आणि त्या सगळ्या माझ्या होत्या. त्याबद्दलच लिहायचं आहे.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता, त्यामुळे २७ फेब्रुवारीला या वेळी काहीतरी खास करायचं असं मंडळाच्या बैठकीत ठरलं. कोणीतरी टी-शर्टची कल्पना काढली. वर ‘अभिजात’, खाली ‘मराठी’. छापून घ्यायचे तर प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, तिचे वेगळे पैसे, आणि चाळीसच नग म्हटल्यावर दुकानदार तोंड वाकडं करतो. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. “तू सुरतची ना? तुझ्याकडे तर कपडा स्वस्तात मिळेल!”

मी म्हणाले, “हाताने रंगवू. स्टेन्सिल करू. मला येतं.”

मला रांगोळीचे छाप येत होते. शर्ट मी आयुष्यात एकच रंगवला होता, तोही भावाचा, आणि तो त्याने घातला नव्हता.

तशी मी सुरतचीही नाही, उधन्याची आहे. मुंबईत हा फरक कोणाला कळत नाही, म्हणून मी सांगतही नव्हते. सुरतहून मुंबईकडे निघालं की लगेच उधना जंक्शन लागतं आणि तिथूनच ताप्ती लाइन फुटते. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, शेवट जळगाव. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. या लाइनीने खानदेशातली किती घरं सुरतेच्या मागांवर आणि मिलमध्ये आली त्याला गणती नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागात गल्लीत उभं राहिलं तर गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडते. मी शिकले तीही महानगरपालिकेची मराठी शाळा. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात. आजी अजून अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाही, पप्पा घरात मराठी, मिलमध्ये हिंदी आणि शेठशी गुजराती बोलतात.

पप्पा बावीस वर्षांपासून पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये कलर किचनला आहेत. किचन म्हणजे जिथे छपाईचे रंग तयार होतात ती खोली. ड्रम, डबे, वजनकाटा, घोटायचं मशीन आणि वास. घरी आल्यावर ते बराच वेळ हात धुतात, तरी नखांच्या कडा कधी निळ्या, कधी लालसर राहतातच. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘टेक्स्टाइल’ असा एकच शब्द लिहिला होता. वाचणाऱ्याने त्याचा काय अर्थ घ्यायचा तो घ्यावा.

नाताळच्या सुट्टीत घरी गेले ती यादी घेऊनच. आधी स्टेन्सिल. पुठ्ठा रंगाने फुगतो, साधा कागद दोन शर्टांत लोळागोळा होतो. चांगली लागते ती प्लॅस्टिकची शीट, नाहीतर जुना एक्स-रे. एक्स-रे जाड असतो, ब्लेडने स्वच्छ कापला जातो आणि पुसून पन्नास वेळा वापरता येतो. घरात आजीच्या गुडघ्याचा एक्स-रे होता. मी त्यावर अक्षरं काढून कापायला बसले तशी आजी ओरडली, “मना गुडघाना फोटू शे तो!” तिला वाटलं, आता डॉक्टरला काय दाखवायचं. तो सात वर्षांपूर्वीचा आहे हे पटवायला अर्धा तास गेला.

‘अभिजात’ नीट कापलं गेलं. ‘मराठी’ला अडलं. म कापला आणि शिरोरेषा, दोन काने आणि आडवी रेघ यांच्यामधला चौकोन टपकन खाली पडला. ठ चा गोल फिरवत आणला, शेवटचा काप दिला आणि आतली अख्खी चकती माझ्या मांडीवर. आता यातून रंग लावला असता तर ठ च्या जागी नुसता भरीव गोळा उमटला असता. आजी बघत होती. म्हणाली, “त्यानं पोट पडी गयं.”

स्टेन्सिल कापणाऱ्या सगळ्यांना ही अडचण कधी ना कधी येते. ज्या आकाराला आत बंद जागा आहे, ती जागा कापल्यावर कशालाच धरून राहत नाही. मग कापताना मधे बारीक पट्टी सोडावी लागते, पोट आणि बाहेरचा भाग यांना जोडणारी. तेवढ्या जागी रंग लागत नाही, म्हणून छापलेल्या अक्षरात फट दिसते. गोणीवर नाहीतर लाकडी खोक्यावर मारलेले अक्षरांचे छाप बघा, त्यांत अशाच फटी असतात. मथुरा-वृंदावनकडे सांझी करतात, कागद कापून त्यातून रंगांची चित्रं काढतात, तिथेही सगळी नक्षी अशा जोडांवरच उभी असते. जपानी कारागीर कापड रंगवण्यासाठी तुतीच्या कागदाला पर्सिमनच्या फळाचा रस लावून स्टेन्सिल करत, त्याला कातागामी म्हणतात. पट्टीची फट दिसू नये म्हणून काही कातागामीत नाजूक भाग रेशमाच्या बारीक धाग्यांनी धरलेले असत. माझ्याकडे रेशीम नव्हतं. एक्स-रेचा उरलेला अर्धा भाग घेऊन मी परत कापलं, ठ ला दोन पट्ट्या आणि म ला एक.

मग रंग. दुकानात गेल्यावर माझं डोकं फिरलं. साधे अ‍ॅक्रिलिक फॅब्रिक कलर होते, पण कोपऱ्यात खास रंगांचं वेगळं कपाट होतं. मोतिया चमक असलेले पर्ल. अंधारात चमकणारा, ज्याला आपण सगळे ‘रेडियम’ म्हणतो, पण त्यात आता रेडियम मुळीच नसतं. उजेड पिऊन नंतर हळूहळू सोडणारी वेगळी पावडर असते. चकचकीत ग्लिटर, जो स्पंजने नीट लागत नाही, कारण कण जाड असतात आणि स्पंजातच अडकतात. आणि पफ. पफ लावताना साधा दिसतो, पण वाळल्यावर त्याला उष्णता दिली की पावासारखा फुगतो. त्यात प्लॅस्टिकचे अगदी सूक्ष्म पोकळ गोळे असतात, आतला वायू तापला की ते फुलतात. मी ठरवलं, ‘अभिजात’ सोनेरी पर्लमध्ये आणि ‘मराठी’ पांढऱ्या पफमध्ये. हात फिरवला तर मराठी बोटांना लागली पाहिजे. कल्पना मला फारच आवडली होती.

शर्ट बाजारातून उचलले. दोन ढीग होते. सुती १४० ला आणि ते मऊ, सुळसुळीत, खेळाडू घालतात तसे ८० ला. मी हिशेब केला, ८० चा शर्ट, २० चा रंग, १५० ला विकायचा, मंडळाला प्रत्येकी ५० सुटतील. पहिले १४ शर्ट तीन दिवसांत रंगवले. आत पुठ्ठा घालायचा म्हणजे रंग पाठीवर उतरत नाही, स्टेन्सिल टेपने चिकटवायची, स्पंजला थोडासाच रंग घ्यायचा, आधी कागदावर टिपायचा, मग अक्षराच्या कडेकडून आत ठिपके देत जायचं. घासलं की रंग स्टेन्सिलखाली सरकतो आणि कडा फाटतात. एवढं मला जमत होतं. ‘मराठी’ मात्र मी जाड थापली, फुगायला पाहिजे म्हणून. शर्ट नाजूक वाटला म्हणून इस्त्री लावली नाही. शेजारच्या ताईंचा हेअर ड्रायर आणून वरून गरम हवा मारली. पफ फुगला. आजीने हात लावून बघितला, हसली.

त्या रात्री पप्पा पाळीवर निघताना थांबले. एक शर्ट उचलला, कपडा दोन बोटांत धरून चोळला. म्हणाले, “हा पॉलिस्टर आहे ना?”

मी म्हणाले, “चालतं पप्पा. बाटलीवर सगळं लिहिलंय.”

बाटलीवर काय लिहिलंय ते मी पूर्ण वाचलं नव्हतं. पप्पांनी शर्ट घडी करून ठेवला, डबा घेतला आणि गेले.

जानेवारीत ते १४ शर्ट तुमच्यातल्या चौदा जणांनी घेतले. आठवडा गेला. मग ग्रुपवर पहिला फोटो आला. बादलीतल्या पाण्यावर पांढरं काहीतरी तरंगत होतं. नीट बघितलं तर ते ‘रा’ होतं, अख्खं. दुसऱ्या फोटोत नुसता शर्ट. वरची पातळ पर्लची अक्षरं भुरकट पण जागेवर, खाली काही नाही. कोणीतरी लिहिलं, “अभिजात राहिलं, मराठी गेली.” त्याला त्रेपन्न हसरे चेहरे आले. खरं सांगते, दुसऱ्या कोणाचा शर्ट असता तर चोपन्नावा माझा असता. पण मला खूप लागलं. मराठीचं काही नाही, ती माझ्या एका शर्टाने जात नाही. मी ‘मला येतं’ म्हटलं होतं, ते लागलं.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी एक शर्ट पिशवीत घालून उधन्याला गेले. पप्पा झोपून उठले होते. मी शर्ट त्यांच्यासमोर ठेवला आणि पहिल्यांदाच विचारलं, “पप्पा, असं का झालं?”

ते काही बोलले नाहीत. शर्टाच्या शिवणीतून दोन धागे ओढले, आणि आजीच्या जुन्या लुगड्यातून दोन. काडी पेटवली. लुगड्याचा धागा कागदासारखा जळला, वास तसाच, बोटांत घेतला तर राख. शर्टाचा धागा जळायच्या आधी आक्रसला, वितळला, आणि टोकाला काळा कडक मणी झाला. “हे प्लॅस्टिक आहे,” पप्पा म्हणाले. मग दोन्ही कापडांवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. लुगड्याने तो पिऊन टाकला, शर्टावर तो बसून राहिला.

मग त्यांनी समजावलं. मी त्यांना इतका वेळ सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सुती धागा पाणी पितो, हवेतली ओलसुद्धा स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्याला रंग द्यायचा तर आधी त्याचं दार उघडावं लागतं, आणि ते फक्त उष्णतेने उघडतं. म्हणून मिलमध्ये त्याचा रंगच वेगळा, डिस्पर्स. जेट मशीनमध्ये दाबाखाली १३० डिग्रीपर्यंत पाणी तापवतात तेव्हा तो आत शिरतो. छापलेल्या कापडाला तर त्याहून जास्त तापाची वाफ देतात. मग धुतात, मग पुन्हा तापवून ताणून सरळ करतात. “तो रंग धाग्याच्या आत जातो. तुझा रंग आत जात नाही. तो वर बसतो, कातडीसारखा. वर बसणाऱ्याला धरायला काहीतरी पाहिजे. सुतीला लव असते, ती धरते. यावर तो काय धरेल? वरून नवीन कपड्याला मिलने मऊपणाचं फिनिश दिलेलं असतं. ते तू धुतलंसुद्धा नाहीस.” पुढचं मीच सांगितलं. जाड थापला होता, वरून गरम केला, वरचा फुगला, खालचा कच्चाच राहिला.

“मग तुम्ही त्या रात्री का नाही सांगितलं?”

“तू म्हणालीस, बाटलीवर लिहिलंय.”

त्यात राग नव्हता. म्हणूनच मला पुढे काही बोलता येईना. बावीस वर्षं कापड आणि रंग यांच्यामध्ये उभा असलेला माणूस घरात होता, आणि मी बाटलीवर विश्वास ठेवला होता, तीही न वाचता. फॉर्मवरचा तो एक शब्द मला तेव्हा आठवला.

मम्मी तोपर्यंत साडीवर खडे चिकटवत ऐकत होती. आमच्या गल्लीत घरोघरी हे काम चालतं, साड्यांचं पोटलं येतं, खडे लावायचे, लेस लावायची, दोरे कापायचे, नगावर पैसे. तिने विचारलं, “लोकांचे पैसे परत करशील ना?” मी म्हणाले, करीन. १४ गुणिले १५०, २१०० रुपये. “आणि तुझी मजुरी किती धरली होतीस?”

“मजुरी कशाची? मीच तर रंगवले.”

“मग तू पण शेठच झालीस की. मजूर फुकटचा मिळालेला.”

आम्ही परत हिशेबाला बसलो. सुती शर्ट १४०, रंग ३०. एक शर्ट नीट रंगवायला, सुकवायला, उलट्या बाजूने इस्त्री करायला धरून हाताचं काम चाळीस मिनिटांचं. मी म्हणाले मजुरी ६० धरू. म्हणजे तासाला ९० रुपये. मम्मीने खड्याच्या डबीचं झाकण लावलं. तिच्यासमोर जी साडी होती तिला एक तास लागतो आणि तिचे पंधरा रुपये मिळतात. ती हे काही बोलली नाही. मलाही बोलायला सुचलं नाही. हिशेबाच्या कागदावर ९० चा आकडा तसाच होता. मला तो खोडावासा वाटला, पण खोडून तिचे पंधरा वाढणार नव्हते.

शर्टाची किंमत २४० ठरली. तुमच्यापैकी काही जण म्हणाले, “दीडशेचा अडीचशे झाला? सुरतचा असून?” तेव्हा मी नीट उत्तर दिलं नव्हतं. हे उत्तर आहे.

फेब्रुवारीत दोन शनिवार-रविवार मी उधन्याला गेले. चाळीस सुती शर्ट आधी धुऊन वाळवले. धुताना नीळ, कंडिशनर काही नाही. काळ्या कपड्यावर रंग सरळ लावला तर मरतो, म्हणून पप्पांनी आधी पांढऱ्याचा पातळ हात द्यायला लावला, तो वाळल्यावर दुसरा. ‘मराठी’ या वेळी पफमध्ये नाही. पांढऱ्यावर अंधारात चमकणाऱ्या रंगाचे दोन पातळ हात, कारण तो पांढऱ्यावरच खुलतो. पफ फक्त ‘अभिजात’मधल्या एका वेलांटीच्या टोकाला, टिकलीएवढा, माझी हौस म्हणून. ‘अभिजात’चा सोनेरी रंग बाटलीतला नव्हता. पप्पांनी पिवळ्या पर्लमध्ये थोडा तांबडा आणि टाचणीच्या टोकावर मावेल एवढा काळा घातला, वजनकाटा नाही, काही नाही, काडीने ढवळून नखावर लावून बघितला आणि म्हणाले, “हं.” चाळीसच्या चाळीस शर्टांवर तो रंग एकसारखा आहे. दोन वेगवेगळ्या आठवड्यांत दोनदा केला होता तरी.

मी पट्ट्या काढून टाकायचा विचार केला होता, फटी ब्रशने भरून घेऊ म्हणून. पप्पांनी विचारलं, कशाला? स्क्रीनच्या छपाईत जाळी असते, पोट तीच धरते, म्हणून मिलमध्ये फट दिसत नाही. “पण हे हाताचं आहे. हाताचं आहे ते दिसू दे.” म्हणून त्या फटी राहिल्या.

रंगवून झाल्यावर शर्ट एक दिवस वाळू दिले, मग उलटून, मधे सुती फडकं घालून सुतीच्या तापावर इस्त्री. तीन दिवस पाणी नाही. हे तुम्हाला चिठ्ठीवर लिहून दिलं होतंच, पुन्हा सांगते. उलटा करून, थंड पाण्यात, हाताने धुवा. ब्रश मारू नका.

शेवटी मजुरीचे २४०० रुपये आले. मी म्हणाले, घरातच आहेत. मम्मी म्हणाली, “माझे वेगळे दे.” तिने आठशे हातात घेतले, मोजले आणि पाकिटात ठेवले. साडीचे पैसे ती मोजत नाही, ते आलेले असतात तेव्हाच खर्च झालेले असतात. पप्पांनी त्यांचे घेतले नाहीत, त्यातून माझे परत केलेले २१०० भरून निघायला मदत झाली.

२७ तारखेला एकांकिकेत दोन प्रवेशांच्या मध्ये दिवे गेले तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. सभागृहात ठिकठिकाणी हिरवट ‘मराठी’ दिसायला लागली, ठ च्या दोन्ही फटींसकट, आणि कोणीतरी शिट्टी मारली. मी विंगेत होते. फोटो काढायचा प्रयत्न केला, पण नुसता अंधार आला. पप्पांना फोनवर सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, “धुतल्यावर राहिला ना?”

या वर्षीच्या फॉर्मवर मी वडिलांच्या व्यवसायापुढे लिहिलं, ‘प्रिंटिंग मिलमध्ये कलर मास्तर’. रकाना लहान होता, अक्षरं थोडी दाटीने बसली.

आणि परत आलेले ते चौदा शर्ट. मला ते फेकायचे होते. पप्पांनी ठेवून घेतले, मिलमध्ये घालायला बरे म्हणाले, लवकर वाळतात. मम्मी सांगते, आता ते रोज त्यातलाच एक घालून पाळीला जातात. छातीवर भुरकट सोनेरी ‘अभिजात’, खाली रिकामं. त्यांच्या खात्यात ओडिशाचे, यूपीचे लोक आहेत. त्यांना वाटतं ते शेठच्या नव्या कंपनीचं नाव आहे. कोणी विचारलं तर पप्पा सांगतात, “लडकी ने रंगा है. आधा निकल गया.”